नवख्याने आधी पाठवायचं

"आजोबा, आहात ना? मी तयार आहे. आधी मीच पाठवायचं ना?"

पडद्यावरचा निरोप वाचून तिने हात मांडीवर ठेवले. उत्तर सोपं होतं. नुसतं 'हो' लिहायचं होतं.

ती काही आजोबा नव्हती. बाई होती आणि अजून चाळिशीलाही टेकली नव्हती. दातांच्या लॅबमध्ये ती दिवसभर कवळ्या घडवायची. वेबसाइटवर नाव नोंदवताना तिने गंमत म्हणून ग्लासात बुडवलेल्या कवळीचा फोटो टाकला आणि लोकांनी तिला परस्पर आजोबा करून टाकलं. तिनेही कुणाचा गैरसमज दूर केला नाही. लॅबमध्ये तिला कुणी हिंग लावून विचारत नसे. इथे मात्र आजोबांच्या शब्दाला वजन होतं.

या वेबसाइटवर माणसं आपसात डिजिटल चलनं, म्हणजे कॉइन, बदलून घेत. एकाने बिटकॉइन द्यायचं, दुसऱ्याने तेवढ्याच किमतीचं मोनेरो. मोनेरो कुठून कुठे गेलं हे तिऱ्हाइताला दिसत नाही, म्हणून त्याला मागणी. मध्ये बँक नाही, कंपनी नाही, आणि एकदा गेलेलं कॉइन परत बोलावता येत नाही. मग विश्वास ठेवायचा कशावर? तर एका रिवाजावर. नवख्याने आधी पाठवायचं, ते पोचलं की जुन्याने. जुना माणूस स्वतःचं नाव घालवणार नाही, एवढीच काय ती हमी. आजोबांनी ती कधी मोडली नव्हती.

आज मोडायची होती.

"काय गं," आतून ताईचा आवाज आला, "डॉक्टरांनी सोमवारचंच सांगितलंय ना नक्की?"

"हो गं ताई. सगळी सोय झालीये. तू नको जिवाला घोर लावून घेऊस."

सोय अर्धीच झाली होती. ताईचा एक डोळा केव्हाच गेला होता आणि दुसरा वाचवायचा तर आता थांबून चालणार नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. हिच्या वॉलेटमध्ये, म्हणजे कॉइनच्या ऑनलाइन पाकिटात, जेवढं मोनेरो होतं त्यात ऑपरेशनचा निम्मा खर्च निघत होता. या नवख्याचं बिटकॉइन आलं आणि आपण काहीच पाठवलं नाही, तर उरलेलाही निघत होता. ओळख ना पाळख, कोण कुठला तो! असं ती सकाळपासून स्वतःला बजावत होती आणि सकाळपासून तिला घास गिळवत नव्हता. उद्या ताईला दिसायला लागेल, मग तिच्यासमोर मान वर करून उभं कसं राहायचं?

"घाई नाही हं आजोबा. जेवलात का?" नवख्याने विचारलं.

"जेवलो," तिने लिहिलं. तिला स्वतःचीच शिसारी आली.

"माझे वडील असते तर तुमच्याच वयाचे असते. बायकोला न सांगता करतोय हे. चुकलं तर घरात घ्यायची नाही."

पाठोपाठ, न मागताच, त्याने आपल्या वॉलेटचा पत्ता पाठवला. एरवी नवख्यांना तो कुठे सापडतो हे समजावताना ती मेटाकुटीला यायची. पोरगं हुशार आहे, तिच्या मनात आलं, आणि अपराधीपणा आणखीच वाढला.

तेवढ्यात ताई भिंतीला हात लावत लावत दारात आली. तिच्या हातात लॅबचा पांढरा एप्रन होता.

"तुझं बटण तुटलं होतं, ते लावलं बघ. पांढराच दोरा घेतलाय ना मी?"

दोरा काळा होता. बटणाला एका बाजूने गुंताच झाला होता.

"हो ताई. पांढराच आहे."

ताई खुशीत परत गेली. हिने डोळे पुसले आणि मन घट्ट करून लिहिलं, "हो. पाठव."

उत्तर आलं, "आजोबा, भीती वाटतेय हो. माझ्या मित्राला असंच लुबाडलं होतं. पण सगळे म्हणतात, आजोबा म्हणजे सोनं. तुम्ही सांगा, राहू दे का?"

तिचा चेहरा लाजेने तापला. आपण एका भेदरलेल्या माणसाचा गळा कापायला बसलोय, आणि तो आपल्यालाच सल्ला विचारतोय. शीः! तिला तिथे क्षणभरही बसवेना. या विचाराचं काहीतरी प्रायश्चित्त घ्यायलाच हवं होतं.

"घाबरू नकोस," तिने लिहिलं. "रिवाज राहू दे बाजूला. आधी मी पाठवतो."

आणि पुन्हा मन बदलायच्या आत तिने सगळंच्या सगळं मोनेरो पाठवून दिलं.

"मिळालं, आजोबा! तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून जग चाललंय. आता मी पाठवतो, दहा मिनिटं द्या."

तिला एकदम हलकं वाटलं. त्या भरात ती आत गेली, ताईच्या पायाशी बसली आणि खरं काय ते सांगून टाकलं. सोय अर्धीच झालीये, आणि दोराही काळाच आहे.

ताई खुदकन हसली. "वेडे, अर्धी तर झालीये ना? तेवढे भरू. बाकीच्यासाठी मी डॉक्टरांच्या हातापाया पडेन. खोटं तेवढं बोलू नकोस बाई."

ती परत येऊन बसली तेव्हा वॉलेट रिकामंच होतं. नवख्याचं खातं बंद झालं होतं, पण जाता जाता त्याने सगळ्यांना दिसेल अशी तक्रार टाकली होती: "आजोबांपासून सावध! मी आधी पाठवलं, त्यांनी घेतलं आणि गप्प बसले." खाली लोकांनी त्याला चांगलंच फैलावर घेतलं होतं. पहिलंच उत्तर होतं, "तोंड सांभाळून बोल. आजोबांच्या मनात असला विचारसुद्धा येणार नाही."