पाण्याकाठची

“गोत्र?” पुरोहित वैद्यनाथ वाध्यारांनी विचारलं.

गुरुमूर्ती राव कावेरीच्या शेवटच्या पायरीवर, घोट्याएवढ्या पाण्यात उभे होते. हातात मुलीच्या अस्थींचा डबा. जावयाने इंग्लंडहून पाठवलेला. ‘मी घेऊन येऊ का?’ असं त्याने विचारलं होतं. गुरुमूर्तींनी उत्तरच दिलं नाही. डब्यावरच्या चिठ्ठीत जयश्रीच्या नावापुढे त्याचं आडनाव छापलं होतं. गुरुमूर्तींचा अंगठा नेमका त्यावर होता.

“भारद्वाज,” ते म्हणाले.

“तें तुम्चं. लग्न झालेली लेक, नवऱ्याचं गोत्र सांगाचं.”

“मी दिली नव्हती तिला.”

वाध्यारांनी हातातला दर्भ खाली ठेवला. “कन्यादान नाहीं, तर गोत्र बापाचंच. सरि, तुम्चंच घालतों.”

गुरुमूर्तींना हायसं वाटलं. अकरा वर्षं त्यांनी ते आडनाव तोंडातून काढलं नव्हतं. मुलीला पत्र लिहायचं तर पाकिटावर इथल्या तमिळ रीतीप्रमाणे बापाचं आद्याक्षर, ‘जी. जयश्री’. दोन पत्रं परत आली, त्या घरात अशी कुणी राहत नाही म्हणून. तरी हट्ट सुटला नाही. आता मात्र ती पुन्हा त्यांची होणार होती.

“नको,” वरच्या पायरीवरून त्यांची बायको त्रिपुरसुंदरी म्हणाली. “तुम्ही दिली नाहीं. तीच गेली, तिच्या मनानं. तें तरी तिचं तिला असूं द्या.”

तिने कमरेला खोचलेला कागद काढून नवऱ्यासमोर धरला. शेजारच्या कविताने नेटवरून काढून दिलेला. जावयाच्या आडनावाची माहिती होती त्यात: कुठून आलं, कुठे किती सापडतं. इंग्रजीखाली कविताने पेनने तमिळमध्ये लिहिलं होतं.

बायवॉटर. पाण्याकाठी राहणारे. बरेचसे यॉर्कशायरात, थोडे कॅनडात, ऑस्ट्रेलियात. यादीत हिंदुस्तान नव्हता.

गुरुमूर्तींनी कागद घेऊन ‘पाण्याकाठी राहणारे’ ही ओळ दोनदा वाचली. मेलकावेरीत, या घाटापासून चार घरांवर, त्यांच्या मराठी घराण्याच्या सात पिढ्या गेल्या होत्या. त्या पोराला एकदा विचारलं असतं तर त्याने नावाचा अर्थ सांगितला असता. बैल गेला नि झोपा केला. त्यांना लाज वाटली, आणि रडू त्याहून जास्त आलं.

“त्याच्या लोकांत गोत्र नसतें, वाध्यार. मग काय करतात?”

“माहीत नसेल तर काश्यप म्हणाचं. सगळ्यांना चालतें.”

“म्हणा तर. आणि पुरं नांव घ्या.” त्यांनी अंगठा बाजूला केला. “जयश्री बायवॉटर.”

वाध्यारांची जीभ अडखळली. गुरुमूर्तींनी पुन्हा सांगितलं, सावकाश, शाळेतल्या मास्तरासारखं. तिसऱ्या खेपेला जमलं.

राख पाण्यात सुटली. थोडी पायरीशीच घुटमळली, मग बाकीच्या राखेमागून गेली.

त्रिपुरसुंदरी खाली उतरून नवऱ्याशेजारी उभी राहिली. कागद त्यांच्या हातात तसाच होता, कडा भिजलेल्या.

“त्या यादींत अम्चा देश नाहीं, म्हणाली कविता,” ती पाण्याकडे बघत म्हणाली. “तिला सांगा. आतां एक आहे इकडे.”