माझीच अट

माझा मुलगा आणि निमिष सहा वर्षं जोडीने राहतात, पण सुरतेत कुणाला सांगायचं नाही, ही माझीच अट. दोघांच्या युरोप सहलीची तिकिटं काढायला आम्ही तिघे एजंट हेतलबेनकडे गेलो. “काका, बीच में दो दिन इधर रुकें तो सस्ता पडेगा,” त्या नकाशावर वाटेतला एक देश दाखवत म्हणाल्या. त्या देशात अशा जोडप्याला तुरुंगात टाकतात, हे मी वाचलं होतं. ठाऊक माझ्या शेजारी बसलेल्या दोघांनाही होतं, पण अटीमुळे गप्प बसले. “तिकडे नको. निमिष मित्र नाही,” मी चाचरत म्हणालो, “जावई आहे माझा.” त्यांचं पेन थांबलं. चुकलंच माझं, असं वाटलं. “पहले बोलना था ना! सीधी फ्लाइट देती हूं.” मग चष्म्यावरून बघत दरडावलं, “जमाई आव्यो, ने घारी क्यां?” सुरतेची ती खास मिठाई घ्यायला दुकानात गेलो, तिथे कुणी न विचारताच मी सांगितलं, “घारी द्या, जावई आलाय!”