एकशे त्रेचाळीस

“चुकलं तरी टाळ्या?” नर्सबाई स्टुलावरून उठल्याच. “कुणी मागितल्या होत्या?”

टॅक्सीवाल्याने फोन डोळ्यांजवळ नेला आणि पुन्हा वाचलं. तालाच्या खेळाची नवी आवृत्ती पुढच्या महिन्यात येणार होती. तिच्यात काय काय नवं असेल, याची यादी सकाळीच जाहीर झाली होती. पडद्यावरून ठिपके खाली येतात, ते रेषेला टेकले की पॅडवर थाप मारायची, एवढाच खेळ. दर रविवारी दुपारी दुरुस्तीच्या दुकानामागच्या खोलीत ही मंडळी तो खेळायला जमत.

“ठोका चुकला तरी प्रेक्षक टाळ्या वाजवतील, असंच लिहिलंय. खेळणाऱ्याचा हिरमोड होऊ नये म्हणून.”

“अहो, वॉर्डात मी दिवसभर सगळ्यांना ‘छान, छान’ म्हणते. इथे तरी कुणी तोंडावर सांगायला नको का, की बाई, तुम्ही माती खाल्ली?”

“मी सांगतो की दर रविवारी.”

“तुम्ही गप्प बसा. पुढचं वाचा.”

“गप्प बसू की वाचू?”

दुकानदार हसला. प्लंबरकाका हसले नाहीत. ते आज खेळायला नाही, पॅड न्यायला आले होते. पॅड जोडीचं होतं. डावी बाजू एकाची, उजवी दुसऱ्याची. उजवी वाजेनाशी झाली म्हणून त्यांनी ते गुरुवारी दुकानात आणून टाकलं होतं.

“गाणी दीड मिनिटात संपणार,” टॅक्सीवाल्याने वाचलं.

“म्हणजे बूट घालायचे आणि लगेच काढायचे. लाज कशी वाटत नाही यांना?”

“पण हे एक बरं केलंय, बाई. हाताला किती उशीर होतो ते खेळ स्वतःच मोजणार आणि स्वतःच काढून टाकणार. तेवढं खेळाने थांबावं म्हणून आपण आकडा भरायची कटकट गेली.”

“ते मात्र हवंच होतं,” दुकानदार म्हणाला. “काकांचंच घ्या. पॅड जोडून बघतो तर आत उशीर भरलेला. सेकंदाचे हजार भाग केले तर त्यातले शंभराच्या वर! एवढा कुणी ठेवतं का? काका, वायर उद्या येईल. पण तो आकडा मी शून्यावर आणून ठेवलाय. आता बघा हात कसा चालतो ते.”

काकांनी पाण्याचा पेला खाली ठेवला.

“किती होता?”

“काय?”

“आकडा. आधी किती होता?”

“आता ते कुठे लक्षात... शंभराच्या वर होता काहीतरी. चुकीचाच होता, काका.”

“मी तुला काय सांगितलं होतं?”

“वायर.”

“वायर! नळ गळतो म्हणून मी लोकांच्या घरात जातो. नळ बसवतो आणि बाहेर येतो. त्यांच्या भिंतीवरचं घड्याळ मागे पडलंय म्हणून काटे फिरवत बसत नाही. तुला कुणी सांगितलं होतं?”

“मला वाटलं, तुम्हाला भरता येत नसेल...”

“मी नाही भरला. हिने भरला होता.”

टॅक्सीवाल्याने फोन खिशात घातला. वर्षभरापूर्वीपर्यंत काकू त्या डावीकडच्या स्टुलावर बसत.

“आजारपणानंतर त्यांचा हात उशिरा पडायचा,” नर्सबाई दुकानदाराला हळूच म्हणाल्या. “म्हणून भरला असेल.”

“तिला उशीर होत नव्हता,” काका ताडकन म्हणाले. “खेळाला घाई होती. तिने त्याला थांबायला लावलं. मग मलाही थांबावं लागलं. शिकलो.”

“परत भरतो ना, काका. आकडा सांगा.”

“मला माहीत असता तर तुला विचारला असता?”

दुकानदाराने मान खाली घातली. मग नर्सबाईंनी विचारलं, “काका, घरी हल्ली तुम्ही एकटेच खेळता ना? दोन्ही बाजू?”

“हो. का?”

“डावी बाजू कशी खेळता? काकूंसारखी?”

काका उठले, आणि एरवी ज्या स्टुलावर बसत ते सोडून डावीकडच्या स्टुलावर जाऊन बसले.

दुकानदाराने पॅड टीव्हीला जोडलं आणि मोजणी सुरू केली. सोळा ठोके येतात, प्रत्येकावर थाप मारायची, मग खेळ हाताचा उशीर सांगतो. पहिला ठोका पडला. तो पडून गेला आणि मग काकांची थाप आली. दुसऱ्यालाही तसंच. पाचव्या-सहाव्या ठोक्याला टॅक्सीवाल्याचा पाय जमिनीवर आपटायला उचलला गेला. नर्सबाईंनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवून तो दाबून धरला.

सोळा झाले. पडद्यावर आकडा आला. १४३.

“हाच,” दुकानदार म्हणाला. “शेवटी तीन होता. मला तेव्हाच कळायला हवं होतं, कुणी अंदाजाने भरलं असतं तर सरळ एकशे चाळीस भरलं असतं.”

काकांनी आकडा पॅडमध्ये ठेवण्याचं बटण दाबलं. ठेवला गेल्याचं दिसेपर्यंत बोट उचललं नाही.

“पण काका, नवी आवृत्ती घेतलीत तर ती हा आपोआप पुसून टाकेल,” टॅक्सीवाला म्हणाला.

“घेतोय कोण? तिचं आमच्या घरी काही काम नाही.”

त्यांनी प्लग काढला, वायर गुंडाळली आणि पॅड काखेत मारलं.

“राहू द्या ना, काका,” दुकानदार दारापर्यंत मागे आला. “उद्या नक्की वायर येतेय. दुसऱ्या कशालाही हात लावणार नाही, शप्पथ. असं नेऊन काय उपयोग? उजवी बाजू वाजणारच नाही.”

“ती माझी बाजू आहे,” काका म्हणाले. “नाही वाजली तरी चालेल.”