रविवारचं वजन

बरणीच्या झाकणाभोवती चिकटपट्टी गुंडाळलेली होती, आणि ती काटेसाहेबांनी लावलेली नव्हती.

रविवार, सकाळचे नऊ. टेबलावर काटा मांडलेला, शेजारी वही उघडलेली, हातात चमचा. दर रविवारी याच वेळी ते बरणीतला कुजलेला भुसा उकरत, अळी बाहेर काढून काट्यावर ठेवत आणि आकडा लिहीत. अंगठ्याएवढी जाड, पांढरी अळी. पुढे तिचा शिंगवाला भुंगेरा होणार होता. असला जीव पाळायची त्यांची ही पहिलीच वेळ. चार महिन्यांपूर्वी मुलानं ती बरणी आणून त्यांच्यापुढे ठेवली होती. म्हणाला, "घ्या बाबा. तुमच्या रविवारला काहीतरी काम हवं ना?"

वजनमापं तपासायच्या खात्यात त्यांची तीस वर्षं गेली होती. न तपासता एकाही मापावर त्यांनी शिक्का मारला नाही, म्हणून तर लोक त्यांना काटेसाहेब म्हणत. बायको म्हणायची, "हे वर गेले ना, तर दारातच आधी देवाचा काटा तपासतील. पापपुण्याचं मग."

पण गेले तीन रविवार वजन उतरत होतं. एकतीस ग्रॅम. एकोणतीस. सव्वीस. अळी पिवळट पडली होती, खाईनाशी झाली होती. तिच्या जिवावर उठलंय तरी कोण? संशयाला बसायला पाट दिला की तो लगेच ताट मागतो. काटेसाहेबांचा संशय सुनेच्या नावानं जेवायला बसला.

हल्ली बरणीजवळून जाताना ती नाकाला रुमाल लावायची. रविवारी सकाळी तर समोरच यायची नाही. परवा बाहेरून आली ती पर्समध्ये कागदी पुडकं दडवत. "काय आणलंस गं?" असं विचारलं, तर "काही नाही, बाबा," म्हणाली आणि भरदुपारी खोलीला कडी. कीटकनाशकाचं पुडकं तेवढंच असतं. मनात काळंबेरं असल्याशिवाय माणूस नजर चुकवत नाही, हे त्यांनी दुकानादुकानांत पाहिलं होतं.

आणि आता ही पट्टी. अळी मेली असणार. वरून पुरावा झाकलाय. त्यांनी नखानं पट्टीचं टोक उचकटलं.

"बाबा, थांबा!"

सून जवळजवळ धावतच आली आणि तिनं दोन्ही हात झाकणावर ठेवले.

"हात काढ. काय घातलंस तू हिच्यात?"

"मी? काही नाही."

"मग वजन का उतरतंय? आणि ते पुडकं कसलं होतं परवाचं?"

"अहो, सकाळी सकाळी कोर्ट कशाला भरवलंय?" बायको पळी हातात घेऊन स्वयंपाकघराच्या दारात आली.

सुनेनं एक हात झाकणावरच ठेवला. बरणी अलगद वळवली. मागच्या बाजूला, काचेला लागून, भुशात एक गुळगुळीत पोकळी दिसत होती. अंड्याएवढी, कुणी हातानं लिंपल्यासारखी. आत अळी निपचित पडलेली. बघता बघता ती किंचित हलली.

"आजारी नाहीये ती," सून म्हणाली. "घर बांधून आत बसलीय. म्हणून खाणं सोडलंय. बरणीबरोबर दुकानदारानं दिलेल्या चिठ्ठीच्या मागच्या बाजूला लिहिलं होतं. तुम्ही ती वहीत डकवायच्या आधी मी वाचलं. पिवळी पडली की हात लावायचा नाही. ते घर फुटलं तर तिचा भुंगेरा होत नाही."

"मग मला सांगायचंस."

"सांगितलं असतं, तर खात्री करायला तुम्ही एकदा उघडलीच असतीत."

बायको फिसकन हसली. काटेसाहेब हसले नाहीत. एवढ्यावर तपासणी सोडणारे ते नव्हते.

"आणि पुडकं?"

सुनेनं बरणी पुन्हा होती तशी फिरवून ठेवली.

"गोळ्या आहेत. डॉक्टरीणबाईंनी दिलेल्या." मग एका दमात म्हणाली, "बाबा, मागच्या दोन्ही वेळी दिवस गेले, तेव्हा तुम्ही दर रविवारी मला त्या मोठ्या काट्यावर उभं केलंत. मायेनंच केलंत. त्यामुळे काही झालं, असं त्या म्हणत नाहीत, मीही म्हणत नाही. पण शनिवारी रात्रभर मी उद्याच्या आकड्याचाच विचार करत जागी असायचे. या वेळी मला नका मोजू."

बायकोच्या हातातली पळी तशीच राहिली. पळीतून एक थेंब फरशीवर पडला, तो कुणी पुसला नाही.

काटेसाहेबांनी वहीची पानं मागे उलटली. अळीच्या आधी या वहीत दुसरेच आकडे होते, किलोतले. पहिली यादी नऊ रविवार चालली होती. दुसरी अकरा. दोन्ही पानाच्या मध्येच तुटलेल्या. आणि दुसरी संपली, त्याच्या पुढच्याच रविवारी अळीचं पहिलं वजन. मुलगा बरणी घेऊन आला, तो आदल्या दिवशीचा शनिवार.

'तुमच्या रविवारला काहीतरी काम हवं ना?'

त्यांनी उचकटलेलं पट्टीचं टोक अंगठ्यानं दाबून पुन्हा चिकटवलं. एकदा दाबलं, परत दाबलं. बरणी कपाटाच्या अंधाऱ्या कोपऱ्यात नेऊन ठेवली. काटा बायकोच्या हातात दिला.

"हा आणि तो मोठा, दोन्ही माळ्यावर टाक. अगदी मागे."

मग ते खुर्चीत बसले, वही पुढे ओढली आणि आजची तारीख घातली. खाली, कुणाचंच नाव न लिहिता, तीस वर्षांत कधी न लिहिलेला शेरा त्यांनी ठळक अक्षरांत लिहिला:

'तपासले नाही. बरोबर आहे.'