तोंड बरं होईपर्यंत

नाथाने पुढे केलेली तंबाखूची डबी जगनने न उघडताच परत केली, आणि गणपतीच्या कारखान्यात हशा पिकला. मिसरूड फुटल्यापासून जगनच्या गालात तंबाखू-चुन्याची गोळी असायची. नाथाने विचारलं, डॉक्टर रागावला की बायको? जगन हातातल्या मूर्तीचं बोट पाण्याने सारखं करत राहिला.

शेवटी म्हाताऱ्या पुंडलिकने निकाल दिला. "नवस बोललाय तो. शकूला अजून दिवस नाय ऱ्हायले ना, लेकीसाठी सोडलीन तंबाखू."

त्या दिवसापासून जगनच्या समोर कुणी डबी काढेना. आखणीला, म्हणजे मूर्तीचे डोळे काढायला, हात लागला तेव्हा मालक कमळाकरशेठनी मंडळाची मोठी मूर्ती त्याच्याकडे दिली. व्रतातल्या माणसाच्या हातून डोळे उघडले तर बरं, असं ते सगळ्यांदेखत म्हणाले. जगनने तसाच ब्रश हातात घेतला.

खरं कारण त्याच्या बायकोला, सरूला, ठाऊक होतं. शकू लग्न होऊन खांब गावी गेल्यावर पेणच्या त्या दोन खोल्यांत दोघंच उरली होती. एकदा जगनने तिला अडखळत विचारलं, तुला तोंडाने सुख देऊ का, खाली, मांड्यांत. सरूने पदर तोंडावर ओढून घेतला. ती जागा विटाळाची. देवाचं नाव घेणारं तोंड तिथं कुणी लावतं का? जगनने पुन्हा विषय काढला नाही. विषय सरूच्याच मनातून जाईना.

मग एका सकाळी बहिणीकडे जाते सांगून ती गाडीने रोह्याला गेली. पेणच्या दवाखान्यात बाकावर ओळखीच्याच बाया असायच्या. रोह्याच्या डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. दोघांच्या मनात असेल तर त्यात पाप कसलं, म्हणाल्या. तिला तपासलं, काही आजार नाही असं सांगितलं. साध्या पाण्याने धुवायचं, साबण लावायचा नाही. मात्र नवऱ्याचं तोंड चुन्याने आतून सोललंय म्हणतेस, तर ते पुरतं बरं होईपर्यंत थांबा.

हे सगळं सरूने घरी येऊन, चुलीत लाकूड सारताना, त्याच्याकडे पाठ करून सांगितलं होतं. तेव्हापासून जगनची डबी फळीवर पडून होती.

आता श्रावण लागला होता. दुपारी कारखान्यातली वीज गेली आणि जगन लवकर घरी आला. सरू न्हाऊन, धुतलेलं पातळ नेसून केस पुसत होती. काल रात्री त्याने तोंड बरं झाल्याचं सांगितलं होतं. तो आत न येता उंबऱ्यावरच टेकला.

"सरू, मला नाय जमायचं."

ती केस पुसायची थांबली. जगनने खाली बघत पुंडलिकचा नवस सांगितला, शेठचं बोलणं सांगितलं. आज सकाळीच त्या मूर्तीचे डोळे काढून झाले होते. सगळे हात जोडून उभे होते आणि आपण कशासाठी तंबाखू सोडली ते आपल्याला ठाऊक होतं. देवाला फसवल्यासारखं झालं, म्हणाला.

सरूला आधी रडूच आलं. डॉक्टरीणबाईंपुढं तिने पदराआडून एकेक शब्द काढला होता. परतीच्या गाडीत ती कुणाकडे बघू शकली नव्हती. आणि आता, तिला हवंसं झाल्यावर, हा दारात बसला होता.

"डोळे कसे झाले?" तिने विचारलं.

"डोळे ना? लय बेस झाले."

"हात कापला?"

"नाय."

"मग देवाला काय झालंय?" ती त्याच्या शेजारी येऊन बसली. "फसवलंत ते कारखान्यातल्या माणसांना. उद्या सांगा, नवस-बिवस काय नाय म्हणून."

"मग सोडलीस कशाला, विचारतील."

"बायकोनं सोडायला लावली म्हणा. ते खरंच हाय."

जगनला हसू फुटलं. समोरच्या ओटीवर गिरजाबाई लसूण सोलत होती, तिने मान वर केली. सरूने तिच्याकडे पाठ केली आणि त्याला तोंड उघडायला सांगितलं. हनुवटी धरून, दारातल्या उजेडाकडे वळवून, तिने दोन्ही गाल आतून नीट पाहिले. सोललेल्या जागी नवी, गुलाबी कातडी आली होती. मग तिने दार लावून आतून कडी घातली.

बाहेर पन्हळीचं पाणी घंगाळात पडत होतं. गोधडीवर आडवी झाल्यावर सरूने डोळ्यांवर हात घेतला. जगन घाई करत नव्हता. त्याची दाढी मांडीला टोचली तशी तिने अंग चोरलं, मग हळूहळू सैल सोडलं. इतक्या वर्षांच्या संसारात आपल्या देहाचा हा भाग कुणी असा मायेने जवळ करील, असं तिला कधी वाटलं नव्हतं. सुख अंगभर चढत गेलं. पायाची बोटं आपोआप गोधडीत रुतली.

"थांबा," ती एकदम म्हणाली.

जगन तिथल्या तिथे थांबला. डोकं वर करून, घाबराघुबरा होऊन तिच्याकडे बघू लागला.

"दुखलं काय गो?"

सरूने डोळ्यांवरचा हात काढला. ती पहिल्यांदाच त्याच्याकडे सरळ बघत होती.

"नाय," ती म्हणाली. "मी म्हटल्यावर थांबता का, ते बघत व्हते."