रिकामी करंगळी

"आत्या, तुझी करंगळी रिकामी का?" नऊ वर्षांच्या भाचीने विचारलं.

दादा आंघोळीला गेला होता आणि त्याची गिटार मोकळी सापडली होती. आत्याने गाण्याचा शेवट तिसऱ्यांदा वाजवला. शेवटची कॉर्ड ई मेजर. तीन बोटं तीन तारांवर, चौथं अधांतरी. वाजली चोख, पण कोरडी. हॉटेलच्या लॉबीत दादा हीच कॉर्ड वाजवायचा तेव्हा लोक हातातले कप खाली ठेवायचे.

"इथे करंगळीचं काही काम नसतं," आत्या म्हणाली.

"असतं की. दुसरी तार, दुसरा फ्रेट. ठेव."

आत्याने हसत ठेवली, तारा छेडल्या आणि हसायची थांबली. तोच गोडवा. चार वर्षं ज्याच्यासाठी ती दर रविवारी दोन बस बदलून येत होती, तोच.

"ही मेजर सिक्स्थ," भाची म्हणाली. "बाबांनी परवा शिकवली. सोप्पी आहे ना?"

सोपी. आणि दादा चार वर्षं सांगत होता, गोडवा शिकवता येत नाही बाई, तो हातात आपोआप येतो. नेटवर काही बघत बसू नकोस, हात बिघडेल. ही शहाणी खरंच बघत नव्हती. दिवसभर लॅबमध्ये लोकांच्या शिरा शोधणारी, एका टोचणीत रक्त काढणारी बाई, आपल्याच हातात काहीतरी कमी आहे असं धरून रोज तासभर तीच तीन बोटं घासत होती. तिला शिकवताना दादा स्वतःची करंगळी उचलून धरायचा, हे तिला आत्ता कुठे आठवलं.

गेल्याच महिन्यात हॉटेलच्या मॅनेजरने जोडीला दुसरी गिटार मागितली होती. "तुझंच नाव देणार होतो गं," दादा म्हणाला होता. "बोटं तर माझ्यापेक्षा पळतात तुझी. पण शेवट कोरडा पडतो. मी काय हातचं राखून शिकवतो का? सख्खी बहीण आहेस." ती जागा एका मित्राला मिळाली. दादाला उगाच वाईट वाटलं असेल म्हणून हिनेच त्याला तारांचा नवा संच आणून दिला. आत्ता गिटारवर त्याच तारा होत्या.

"मला का नाही शिकवली मग?"

"तुझा हात लहान आहे म्हणे. पोचत नाही."

आत्याने पंजा पुढे धरला. भाचीने त्याला आपला पंजा टेकवला. तिची बोटं आत्याच्या बोटांच्या वरच्या पेरापर्यंतही आली नाहीत. भाचीला त्याची गंमत वाटली. आत्याला संताप आला, आणि संतापापेक्षा जास्त लाज, की आपण इतकं भाबडं असावं. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. आणि बोंब तरी कुठे मारणार? आपलेच दात, आपलेच ओठ.

दादा टॉवेलने डोकं पुसत बाहेर आला. "काय, बसला का शेवट?"

आत्याने शेवटची ओळ सावकाश वाजवली आणि करंगळी तिच्या जागी ठेवली. दादाचा टॉवेल डोक्यावरच थांबला.

"कुणी दाखवलं?"

भाचीने तोंड उघडलं. आत्याने तिला गुडघ्याने हळूच ढोसलं.

"आपोआप आलं," ती म्हणाली. "तूच म्हणायचास ना."

दादाच्या केसांतलं पाणी फरशीवर पडत राहिलं. आत्याने उठून गिटार त्याच्यापुढे धरली.

"आता तू वाजव. माझ्यासमोर."

दादा खुर्चीत बसला. गिटार मांडीवर घेतली. तीन बोटं तीन तारांवर बसली. करंगळी सवयीने वरच राहिली.