गव्हाणीतली गोळी

स्टेंट बसवून सहा महिने होत नाहीत तोच आप्पांची नस पुन्हा तुंबली. रक्त पातळ ठेवायची गोळी रोज घेतो, असं ते म्हशीच्या पाठीवर हात ठेवून सांगत होते, पण भागवतला बापाचं खरं वाटेना.

"गव्हाणीत टाकत असाल तुमी!" म्हणत तो रोज सकाळी ओट्यावर, शेजारपाजाऱ्यांदेखत, आप्पांना गोळी गिळायला लावायचा. "आ करा. जीभ वर करा."

महिन्याभरानं नगरच्या डॉक्टरांनी जनुकांच्या तपासणीचा रिपोर्ट पुढं केला. "रोज घेतली तरी ही गोळी यांना लागू पडणारच नव्हती. शरीराची ठेवणच जन्मापासून तशी आहे. आता दुसरी देतो."

भागवतची मान वर होईना.

 

आप्पांनी नवी गोळी पाण्याबरोबर गिळली, आणि कुणी न सांगताच लेकापुढं तोंड उघडून जीभ वर केली.